‘मिल्क’ दाखवायचा, तर निवडणुकीसकट दाखवा: फिल्म क्लबांच्या संयोजकांना खुले पत्र

महाराष्ट्रातल्या फिल्म सोसायट्या, चित्रपट मंडळे आणि महाविद्यालयीन फिल्म क्लब चालवणाऱ्या सर्व संयोजकांना,

सप्रेम नमस्कार.

जून, म्हणजे समलिंगींच्या ‘प्राइड’चा महिना, जवळ आला की तुमच्यापैकी काहींना गस व्हॅन सँट यांच्या ‘मिल्क’ची, सॅन फ्रान्सिस्कोचे गे नगरसेवक हार्वी मिल्क यांच्यावरच्या चित्रपटाची, आठवण होते. ती होते याचा आनंदच आहे. यंदा एका क्लबने त्याचा खेळ ठरवला आणि सोबत तीन गोष्टी ठरवल्या. सुरुवातीचा दोन पुरुषांमधला शृंगार पुढे सरकवायचा. इंग्रजी उपशीर्षकांचे यंत्राकडून मराठी करून घ्यायचे. निमंत्रणावर ‘एका नाजूक विषयावरचा हृदयस्पर्शी चित्रपट’ एवढेच छापायचे. क्लबचे नाव घेत नाही, कारण या सवयी त्या एकट्याच्या नाहीत. मात्र या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की पडद्यावर जे उरते, त्याला ‘मिल्क’ म्हणता येत नाही. म्हणून हे पत्र जाहीर लिहीत आहोत.

आम्ही परभाषेतल्या चित्रपटांना मराठी उपशीर्षके करणारी माणसे आहोत. आमच्यातले काही समलिंगी आहेत, काही नाहीत. हा चित्रपट आम्हाला जवळचा वाटतो त्याचे कारण अगदी साधे आहे. यातला समलिंगी माणूस मते मागतो, हरतो, आकडे मांडतो, पुन्हा उभा राहतो आणि चौथ्या खेपेला निवडून येतो. त्याचा खून होतो हे खरे, पण त्याआधीची पाच वर्षे तो राजकारण करतो आणि चित्रपटाचा बहुतेक वेळ त्यातच जातो. निमंत्रणावर मात्र ‘राजकारण’ हा शब्द नसतो. आमची पहिली आणि सगळ्यात मोठी तक्रार हीच आहे.

हार्वी मिल्क १९७२ मध्ये न्यूयॉर्क सोडून सॅन फ्रान्सिस्कोला आले. पुढच्या वर्षी कॅस्ट्रो स्ट्रीटवर ५७५ क्रमांकाच्या गाळ्यात त्यांनी कॅमेऱ्याचे दुकान टाकले. (चित्रपटातल्या दुकानाचे चित्रीकरणही त्याच गाळ्यात झाले आहे.) १९७३ मध्ये ते शहराच्या ‘बोर्ड ऑफ सुपरवायझर्स’साठी, म्हणजे नगरसभेसाठी, उभे राहिले आणि पडले. १९७५ मध्ये जागा सहा होत्या, मिल्क सातवे आले. १९७६ मध्ये राज्याच्या विधानसभेसाठी लढले, तिथेही हरले. आणि १९७७ मध्ये जिंकले. दरम्यान काय बदलले? उमेदवार तोच होता, दुकान तेच होते, मुद्देही फारसे बदलले नव्हते. बदलली ती निवडणुकीची पद्धत. तोवर प्रत्येक नगरसेवक अख्ख्या शहरातून निवडून यावा लागे. त्यासाठी शहरभर प्रचार करावा लागे आणि तेवढा पैसा लागे. नोव्हेंबर १९७६ मध्ये मतदारांनी ती पद्धत मोडली, शहराचे अकरा प्रभाग झाले आणि कॅस्ट्रोचा परिसर पाचव्या प्रभागात आला. ८ नोव्हेंबर १९७७ रोजी मिल्क त्या प्रभागातून निवडून आले. त्याच निवडणुकीत गॉर्डन लाउ हे शहराचे पहिले निवडून आलेले चिनी-अमेरिकन नगरसेवक आणि एला हिल हच या पहिल्या कृष्णवर्णीय नगरसेविका सभागृहात गेल्या. डॅन व्हाइटही याच पद्धतीतून आले, आठव्या प्रभागातून. प्रभागरचनेने मिल्क यांना दार उघडले तसे त्यांच्या मारेकऱ्यालाही उघडले.

चित्रपट हे सगळे झरझर सांगून पुढे जातो. अमेरिकेतल्या प्रेक्षकालाही ते पटकन कळत नसेल. पण पुण्यातल्या, नाशिकमधल्या, कोल्हापुरातल्या प्रेक्षकाला कळते! एकसदस्यीय की बहुसदस्यीय, प्रभागाची हद्द कुठून गेली, कोणाची वस्ती दोन तुकड्यांत कापली गेली, यावर आपल्याकडे महिनोन्‌महिने वाद होतात आणि कोर्टकचेऱ्या होतात. मुंबईत २२७ प्रभागांतून प्रत्येकी एकच नगरसेवक येतो, तर इतर शहरांत एका प्रभागाला अनेक नगरसेवक असतात. विखुरलेल्या, संख्येने थोड्या लोकांना आपला माणूस निवडून आणायला यातली कोणती रचना सोयीची, हा प्रश्न ‘मिल्क’ थेट आपल्यापुढे ठेवतो. जगात हा चित्रपट समजायला सगळ्यात तयार असलेला प्रेक्षक कदाचित आपल्याकडेच बसलेला आहे, आणि त्याला तुम्ही ‘नाजूक विषय’ म्हणून बोलावता.

दुसरी तक्रार उपशीर्षकांची. इथे थोडे तपशिलात शिरावे लागेल, कारण यंत्राने केलेल्या मराठीत चित्रपटाचा कणाच मोडतो.

‘सुपरवायझर’चे यंत्र ‘पर्यवेक्षक’ करते. मग प्रेक्षकाला वाटते की हा माणूस कुठल्या तरी कारखान्यात बढतीसाठी धडपडतो आहे. योग्य शब्द ‘नगरसेवक’. सॅन फ्रान्सिस्को शहर आणि काउंटी एकच असल्यामुळे तिथल्या नगरसेवकांना ते नाव आहे, एवढेच. ‘ऑर्डिनन्स’चे यंत्र ‘अध्यादेश’ करते. आपल्याकडे अध्यादेश राज्यपाल किंवा राष्ट्रपती काढतात आणि सभागृह बसलेले नसताना काढतात. इथे तर सगळा जीव सभागृहातल्या मतदानात आहे. नोकरीत आणि घर भाड्याने देताना समलिंगी व्यक्तींशी भेदभाव करायचा नाही, हा शहराचा कायदा १९७८ मध्ये दहा विरुद्ध एक मताने मंजूर झाला आणि ते एक मत व्हाइट यांचे होते. ‘अध्यादेश’ लिहिले की ते मत कशाला लागते हेच कळत नाही. ‘शहराचा कायदा’ लिहा. समलिंगी शिक्षकांना शाळांतून काढण्याच्या ‘प्रपोझिशन ६’ला ‘विधेयक’ लिहू नका. ते विधिमंडळात आलेले विधेयक नव्हते. राज्यातल्या सगळ्या मतदारांनी थेट हो किंवा नाही म्हणायचे ते सार्वमत होते. मिल्क आणि त्यांचे सहकारी आमदारांच्या दारात न जाता गावोगाव का फिरतात, ते यावरून कळते.

‘महापौर’ हा शब्द बरोबर आहे, पण फसवाही आहे. आपल्या महापालिकेत महापौर सभेचे अध्यक्ष असतात आणि कारभार आयुक्तांच्या हाती असतो. सॅन फ्रान्सिस्कोचा महापौर शहराचा कारभार स्वतः चालवतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे नगरसेवकाची जागा रिकामी झाली तर आपल्याकडे पोटनिवडणूक होते, तिथे महापौर नेमणूक करतात. चित्रपटाचा शेवटचा भाग या एका नियमावर उभा आहे. नगरसेवकाचा पगार वर्षाला ९,६०० डॉलर होता आणि शहराच्या दोन नोकऱ्या एका वेळी करता येत नसल्यामुळे व्हाइट यांना अग्निशमन दलातली नोकरी सोडावी लागली होती. घर चालेना, म्हणून १० नोव्हेंबर १९७८ रोजी त्यांनी राजीनामा दिला. काही दिवसांतच तो परत घ्यायचे ठरवले. महापौर जॉर्ज मॉस्कोनी आधी तयार होते. व्हाइट परत येऊ नयेत, असा आग्रह मिल्क यांनी धरला, कारण अकरा जणांच्या सभागृहात एक मत इकडचे तिकडे झाले की सगळे गणित बदलत होते. २७ नोव्हेंबरला मॉस्कोनी नवे नाव जाहीर करणार होते. त्या सकाळी व्हाइट धातुशोधक यंत्र टाळण्यासाठी तळघराच्या खिडकीतून सिटी हॉलमध्ये शिरले. त्यांनी आधी मॉस्कोनींना आणि मग मिल्क यांना गोळ्या घातल्या. खेळाआधीच्या दोन मिनिटांच्या प्रास्ताविकात एवढा नियम सांगितला, तरी प्रेक्षक शेवटी चाचपडत बसणार नाही.

आता नाजूक म्हणता त्या शब्दांकडे. या चित्रपटात एकाच माणसासाठी तीन थरांचे शब्द येतात. मिल्क आणि त्यांचे मित्र स्वतःला ‘गे’ म्हणतात. विरोधक आणि अधिकारी ‘होमोसेक्शुअल’ म्हणतात. रस्त्यावर शिव्या येतात. यंत्र तिन्हींना ‘समलिंगी’ करते, आणि माणसे भाषांतर करतात तेव्हा तीही संकोचाने तेच करतात. मग पोलिसाची शिवी आणि मिल्क यांचा अभिमान एकाच शब्दात बसतो. पहिल्याला ‘गे’ ठेवा, मराठीत तो रुळलेला आहे. दुसऱ्याला ‘समलिंगी’ ठेवा. तिसऱ्याला मराठीतली खरी शिवी घाला. ती ऐकायला वाईट वाटेल, आणि तशी ती वाटायलाच हवी.

‘कम आउट’चे ‘बाहेर या’ केलेले आम्ही पाहिले आहे. त्याला मराठीत काहीच अर्थ नाही. मिल्क यांची मागणी अतिशय ठोस होती. घरी सांगा, मित्रांना सांगा, शेजाऱ्यांना सांगा, कामाच्या ठिकाणी सांगा. कारण ज्याला एक तरी गे माणूस ओळखीचा आहे, तो मतपेटीजवळ वेगळे वागतो. म्हणून ‘घरी सांगा’ असेच लिहावे. मिल्क भाषणाच्या सुरुवातीला लोकांना ‘रिक्रूट’ करायला आलो आहे असे म्हणत. गे माणसे मुलांना फूस लावून आपल्यात ओढतात, या आरोपाचा तोच शब्द उचलून त्यांनी तो उलटवला होता. मराठीत ‘भरती’ हा शब्द दोन्हीकडे चालतो, पण तो दोन्ही ठिकाणी तोच ठेवायला हवा. आरोपात ‘फूस’ आणि भाषणात ‘भरती’ लिहिले की हा धागा तुटतो.

तांत्रिक बाजूही पाहावी लागेल. ओळी दोनच ठेवा. एका ओळीत साधारण ३५ ते ४० अक्षरे, पडद्यावर किमान एक सेकंद, जास्तीत जास्त सहा-सात. फाइल यूटीएफ-८ मध्ये साठवा, नाहीतर जोडाक्षरे फुटून चौकोन दिसतात. दोन ओळींमधले अंतर थोडे वाढवा, कारण वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या मात्रा एकमेकांत अडकतात. ज्या संगणकावरून खेळ होणार, त्याच संगणकावर आधी पूर्ण फाइल चालवून पाहा. फलक, वर्तमानपत्रांचे मथळे, शेवटच्या पाट्या यांचेही मराठी करा. या चित्रपटात जुन्या बातम्यांचे खरे चित्रीकरण मधूनमधून येते. पहिल्याच मिनिटांत बारवरच्या पोलिसी धाडी आणि मग नगरसभेच्या तेव्हाच्या अध्यक्ष डायान फाइनस्टाइन पत्रकारांना खुनाची बातमी सांगतात ते दृश्य आहे. तिथे उपशीर्षक नसेल तर कथा कुठून सुरू झाली हेच निसटते.

आणखी एक गोंधळ वारंवार होतो. चित्रपट १२८ मिनिटांचा आहे. कुणाकडे १२३ मिनिटांची तबकडी असते आणि तिला सेन्सॉर केलेली प्रत समजले जाते. बहुधा तसे नसते. सेकंदाला २४ चौकटींचा चित्रपट पॅल पद्धतीच्या तबकडीवर २५ चौकटींनी चालतो, म्हणजे सुमारे चार टक्के जास्त वेगाने. म्हणून पाच मिनिटे कमी भरतात. कापलेले काही नसते, पण १२८ मिनिटांच्या प्रतीसाठी केलेली उपशीर्षके तिला लावली की पहिल्या दहा मिनिटांत पाव मिनिटापेक्षा जास्त मागे पडतात आणि शेवटी पाच मिनिटे मागे. मधेच मागेपुढे सरकवून हे दुरुस्त होत नाही. सगळ्या वेळा २५ चौकटींच्या हिशेबाने बदलाव्या लागतात. उपशीर्षकांच्या कोणत्याही संपादकात हे एका आज्ञेचे काम आहे, फक्त ते खेळाच्या आदल्या आठवड्यात करायचे असते.

कापाकापीबद्दल. न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेच्या जिन्यात मिल्क यांना स्कॉट स्मिथ भेटतो, ते दोघे एकत्र रात्र घालवतात, आणि चाळिशीच्या उंबरठ्यावरचा मिल्क म्हणतो की अभिमान वाटावा असे आपण आजवर काहीच केले नाही. तुम्ही पुढे सरकवता तो हाच भाग. पुढची सगळी धडपड या वाक्यातून निघते, आणि ते वाक्य त्या जवळिकीतच बोलले जाते. ती जवळीक कापली की एक दुकानदार एके दिवशी अचानक खोक्यावर चढून भाषण करू लागतो. पुढे निवडणुकीने स्कॉट आणि हार्वी यांचे घर मोडते, तेही मग कुणाला जाणवत नाही. राजकारणाची किंमत कोण मोजतो, हे चित्रपटाने सांगितले आहे ते याच दोघांच्या स्वयंपाकघरात आणि बिछान्यात.

आवाज बंद करण्याची सवय आपल्या भागात जुनी आहे. फेब्रुवारी २००९ मध्ये या चित्रपटाला दोन ऑस्कर मिळाले, शॉन पेन यांना अभिनयाचे आणि डस्टिन लान्स ब्लॅक यांना मूळ पटकथेचे. आशियाभर दाखवल्या गेलेल्या उपग्रह प्रसारणात दोघांच्या भाषणांतले ‘गे’ आणि ‘लेस्बियन’ हे शब्द गाळले गेले. ज्या चित्रपटासाठी बक्षीस मिळाले, त्याचा विषयच ऐकू आला नाही. २०२५ मध्ये अमेरिकी नौदलाच्या तेलपुरवठा करणाऱ्या जहाजावरून मिल्क यांचे नाव काढले गेले, आणि मिल्क स्वतः नौदलात नोकरी केलेले होते. पुसणारे हात पुष्कळ आहेत. फिल्म सोसायटीने त्यांत भर घालू नये. चित्रपट जसा केला तसा दाखवायचा, हाच फिल्म सोसायटीचा आग्रह असायला हवा.

तिसरी तक्रार माहितीची. निमंत्रणांत आणि प्रास्ताविकांत ‘अमेरिकेतले निवडून आलेले पहिले समलिंगी लोकप्रतिनिधी’ असे ठोकून दिले जाते. ते चूक आहे. १९७४ मध्ये कॅथी कोझाचेंको मिशिगनमधल्या अ‍ॅन आर्बरच्या नगरसभेवर निवडून आल्या होत्या, आणि त्याच वर्षी एलेन नोबल मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळावर. दोघीही उघडपणे लेस्बियन होत्या. खुद्द सॅन फ्रान्सिस्कोत होजे सारिया १९६१ मध्येच उघडपणे गे उमेदवार म्हणून उभे राहिले होते. मिल्क कॅलिफोर्नियात निवडून आलेले पहिले उघडपणे गे पुरुष, असे लिहा. तेवढे मोठेपण पुरेसे आहे, आणि पहिल्या दोन जागा बायकांच्या होत्या हेही त्यातून पुसले जात नाही.

चित्रपटाचेही इथे चुकलेले आहे, आणि त्याच्यावर प्रेम असले तरी ते बोलायला हवे. प्रपोझिशन ६ म्हणजे समलिंगी शिक्षकांना आणि त्यांची बाजू घेणाऱ्या शिक्षकांनाही सरकारी शाळांतून काढण्याचा प्रस्ताव. सिनेटर जॉन ब्रिग्ज यांनी तो आणला होता. दूरचित्रवाणीवरच्या वादात ब्रिग्ज यांच्यासमोर मिल्क यांच्या शेजारी प्राध्यापक सॅली गिअरहार्ट बसल्या होत्या. चित्रपटात त्या नाहीतच. मिल्क यांच्या निवडणूक प्रचाराची सूत्रे हाती घेणाऱ्या अ‍ॅन क्रोननबर्ग आहेत, पण लेस्बियन कार्यकर्त्यांपैकी त्या एकट्याच. ७ नोव्हेंबर १९७८ रोजी ५८ टक्क्यांहून अधिक मतदारांनी प्रस्ताव फेटाळला, त्यामागे असंख्य लेस्बियन कार्यकर्त्या आणि शिक्षक संघटना होत्या, आणि रोनाल्ड रेगन यांच्यासारखा उजवा नेताही विरोधात बोलला होता. पडद्यावर तो विजय बव्हंशी एका माणसाचा दिसतो.

यावर उपाय तुमच्याच हातात आहे. रॉब एपस्टीन यांचा १९८४चा माहितीपट ‘द टाइम्स ऑफ हार्वी मिल्क’ दीड तासाचा आहे आणि त्यालाही ऑस्कर मिळाले. त्यात गिअरहार्ट स्वतः बोलतात. गे लोकांविषयी आपले मत मिल्क यांच्यामुळे कसे बदलले, हे एक कामगार पुढारी त्यात सांगतो. व्हाइट यांचा खटला आणि २१ मे १९७९च्या निकालानंतरचा उद्रेकही त्यात सविस्तर आहे. दोन खुनांना सदोष मनुष्यवध ठरवून सात वर्षे आठ महिन्यांची शिक्षा झाली. चित्रपट हे फक्त शेवटच्या पाट्यांत सांगतो, आणि तेवढ्यात तुम्ही सभागृहाचे दिवे लावता.

चर्चेबद्दल थोडेच. ‘मिल्क’नंतरच्या चर्चेला मानसोपचारतज्ज्ञ बोलावला जातो. त्यांच्याबद्दल आदर आहे, पण अमेरिकन सायकियाट्रिक असोसिएशनने समलैंगिकता आजारांच्या यादीतून डिसेंबर १९७३ मध्ये काढली, म्हणजे मिल्क पहिली निवडणूक लढले त्याच वर्षी. या चित्रपटावर बोलायला निवडणूक लढवलेली माणसे हवीत. आपल्याकडे ती आहेत. ज्ञानेश्वर कांबळे २०१७ मध्ये माळशिरस तालुक्यातल्या तरंगफळचे सरपंच झाले. अंजली पाटील यांचा महिला राखीव जागेवरचा अर्ज नाकारला गेला, त्या उच्च न्यायालयात गेल्या आणि २०२१ मध्ये जळगाव जिल्ह्यातल्या भादली बुद्रुकमधून ग्रामपंचायतीवर निवडून आल्या. दोघेही तृतीयपंथी समाजातले आहेत, गे पुरुषांची लढाई आणि त्यांची लढाई एकच नव्हे, हे मान्य. पण उमेदवारी अर्ज, जात पडताळणी, पॅनेल, बूथ यांतून गेलेल्या माणसाला मिल्क यांच्या तीन पराभवांबद्दल जे विचारता येईल, ते दुसऱ्या कुणाला विचारता येणार नाही. सोबत एखादा वकीलही बोलवा. ६ सप्टेंबर २०१८च्या निकालाने ३७७ कलमाचा फास सुटला, पण मिल्क यांनी १९७८ मध्ये आपल्या शहरात मिळवले ते, म्हणजे लैंगिक कलावरून खासगी नोकरी नाकारली किंवा घर नाकारले तर दाद मागायचा थेट कायदा, आपल्या देशात आजही नाही.

आमच्या मागण्या अशा.

चित्रपट संपूर्ण दाखवा. अठरा वर्षांवरील प्रेक्षकांसाठी ठेवा, दारावर तसे लिहा, पण एकही दृश्य पुढे सरकवू नका. ते जमणार नसेल तर दुसरा चित्रपट निवडा.

जाहीर खेळाची लेखी परवानगी हक्कधारकांकडून आधी घ्या. घरी पाहायचे ओटीटी खाते किंवा तबकडी म्हणजे ती परवानगी नव्हे.

मराठी उपशीर्षके माणसाकडून करून घ्या आणि त्याचे नाव निमंत्रणावर छापा.

माहितीपट त्याच आठवड्यात दाखवा.

निमंत्रणावर ‘नाजूक’ आणि ‘हृदयस्पर्शी’ऐवजी ‘महापालिकेच्या निवडणुकीवरचा चित्रपट’ असे छापा. आणि तो फक्त जूनमध्ये न दाखवता तुमच्या शहरात प्रभागरचनेचा आराखडा हरकतींसाठी जाहीर होईल त्या महिन्यात दाखवा.

शेवटचे नाव वर जाईपर्यंत दिवे बंद ठेवा. पाट्यांसोबत त्या खऱ्या माणसांची छायाचित्रे येतात.

उपशीर्षकांची फाइल तपासायला आणि शब्द ठरवायला आम्ही मदत करू, मोबदल्याशिवाय. फक्त प्रत किती मिनिटांची आहे हे आधी कळवा आणि फाइल खेळाच्या तीन आठवडे आधी पाठवा.

आपले,
मराठी उपशीर्षकांचे काम करणारे काही जण